'स्ट्राँग'वाल्या मित्रांसाठी घरची हलकी एल बिअर (बेळगावच्या थंडीत केलेला घाट)

तिसरं_गेट

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमचा कट्टा सहा जणांचा, शाळेपासूनचा. त्यातले चौघे आयुष्यभर एकच बिअर पीत आलेत. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'स्ट्राँग' लिहिलेली, बर्फात पुरून ठेवलेली आणि गरम व्हायच्या आत संपवायची. पाचवा रमवाला. सहावा मी. बेंगळुरात सात वर्षं नोकरी केली, निम्मा पगार तिथल्या ब्रू-पबांत घातला आणि डोक्यात हा किडा घेऊन गावी परत आलो.

सुरुवातीलाच माती खाल्ली. पहिल्यांदा यांना पाजायची म्हणून मी आयपीए केली, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर. मोठ्या हौसेने दुप्पट हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळलेली फुलं) घातले. एकाने घोट घेतला आणि विचारलं, "काढा हाय काय रे? ताप आलाय काय कुणाला?" दुसरा म्हणाला कडुनिंब उकळलायस. तिसरा काही बोलला नाही, पेला घेऊन गॅलरीत गेला आणि रिकामा घेऊन आला. मला वाटलं, चला, एकाला तरी आवडली.

चूक त्यांची नव्हती. ज्याने आजवर फक्त गुळचट लागर (गार जागी आंबवलेली बिअर, ती 'स्ट्राँग' याच जातीची) प्यायली त्याला एकदम कडू पाजायची म्हणजे गाणं न ऐकणाऱ्याला थेट विलंबित ख्यालाला नेऊन बसवायचं. तेव्हा यंदा ठरवलं, अशी बिअर करायची की पहिल्या घोटाला कुणी दचकणार नाही आणि दुसरा पेला आपसूक पुढे येईल. रंग गवती पिवळा, कडूपणा जिभेला चाटून जाण्यापुरता, अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. ब्लाँड एल म्हणा, क्रीम एल म्हणा, मी 'हलकी' म्हणतो.

लागरच का नाही केली, हा प्रश्न येणारच. लागरचं यीस्ट ९ ते १३ अंशांत काम करतं आणि नंतर कित्येक आठवडे त्याहून गार जागा मागतं. त्यासाठी वेगळा फ्रिज पाहिजे. आईच्या फ्रिजमध्ये बादली ठेवायची माझी छाती नाही. एलचं यीस्ट १८-२० अंशांत खूश असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत आमच्या मागच्या खोलीत तेवढंच असतं. आपल्या गावाला उगाच गरिबांचं महाबळेश्वर म्हणत नाहीत.

आता कृती. दहा लिटरचा हिशोब आहे, म्हणजे ६५० मिलीच्या पंधराएक बाटल्या.

माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) १ किलो ७०० ग्रॅम, फिकट पेल किंवा पिल्सनर जातीचं. आणि ३०० ग्रॅम जाड पोहे. हो, पोहेच. खाली सांगतो का ते.

पाणी साडेपंधरा लिटर, ६८-६९ अंशांपर्यंत तापवायचं. त्यात जाळीदार कापडाची पिशवी सोडून भरडलेलं माल्ट आणि पोहे घालायचे, की तापमान ६६ ला येऊन बसतं. पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळून तासभर हात लावायचा नाही. या तासाभरात माल्टमधली एन्झाइमं स्टार्चची साखर करतात. ६५-६६ ला ठेवलं की यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी, हलकी उतरते. ७० कडे गेलात की न पचणारी साखर जास्त राहते आणि बिअर अंगाने जड होते. आपल्याला हलकी पाहिजे.

मग पिशवी उचलून निथळू द्यायची आणि खालचं गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, ते तासभर खळाखळा उकळायचं. झाकण ठेवायचं नाही. फिकट माल्टमधून उकळताना एक गंधकी वास निघतो, उकडलेल्या मक्यासारखा. झाकण ठेवलं तर तो परत आतच पडतो. उकळी फुटल्यावर १२ ग्रॅम हॉप्स (५ टक्के आल्फा अॅसिडवाले, म्हणजे बेताचे कडू, मी हॅलरटाऊ जातीचे घेतले), आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की आणखी १० ग्रॅम, वासापुरते. बस. हात शिवशिवला तरी आणखी घालायचे नाहीत.

गार करून बादलीत. हायड्रोमीटर (वर्ट पाण्यापेक्षा किती दाट ते दाखवणारी तरंगती काचनळी; साध्या पाण्यात १.०००, यीस्ट साखर खात जाईल तसा आकडा उतरतो) १.०४३ च्या आसपास दाखवेल. एलचं कोरडं यीस्ट, यूएस-०५ नावाचं, अर्धी पुडी. दोन आठवडे विसरून जायचं.

आता पोह्यांचं. तांदळाने बिअर फिकट आणि हलकी होते, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या तेच करतात. पण कच्च्या तांदळाचा स्टार्च फुलायलाच ७० च्या पुढचं तापमान लागतं, म्हणजे आधी वेगळा भात शिजवा, मग मिसळा. पोहे करताना भात गरम पाण्यात भिजवून, भाजून चेपटलेला असतो, म्हणजे स्टार्च आधीच फुललेला. सरळ माल्टबरोबर घालता येतात. आईने डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "उद्याच्या नाष्ट्याचे पोहे कुठं गेले?" त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निपाणीकर

वा! पोह्यांची आयडिया लई भारी. एक शंका. माल्ट भरडायचं कसं? मिक्सरला लावलं तर पीठ होतंय.

तिसरं_गेट

पीठ अजिबात नको. दाण्याचं टरफल शाबूत राहायला पाहिजे, आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे. पीठ झालं तर पिशवीतून काही निथळतच नाही, चिकट लगदा होतो आणि तुरट चव उतरते.

मी गल्लीतल्या गिरणीत जातो. दगड सैल करून भरडा काढून द्या म्हणतो. पहिल्यांदा गिरणीवाल्या काकांनी मूठभर हातात घेऊन वास घेतला. म्हणाले, "जव हाय न्हवं? म्हशीला काय?" मी हो म्हणालो. तसं खोटं पण नाही, उरलेला चोथा शेवटी शेजारच्या म्हशीलाच जातो.

शेंगा_चटणी

म्हैस झिंगत नाही ना? 😄

तिसरं_गेट

चोथा यीस्ट घालायच्या आधीच बाहेर येतो, त्यात अल्कोहोलचा थेंब नसतो. उलट प्रथिनं आणि तंतू भरपूर. शेजारची मावशी आता रविवारी सकाळी विचारते, "आज हाय काय रे शिजवायचं?" पण लगेच द्यायचा हं, आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबट वास मारतो. थोडा आईने कणकेत मिसळून थालीपीठ लावलं होतं. खाल्लं सगळ्यांनी. परत मागितलं नाही कुणी.

होसूरची_सून

मी या सगळ्यात नवीन आहे, पण धागा वाचून एक विचारावंसं वाटतंय. घरी केलेल्या दारूने माणसं मेल्याच्या बातम्या येतात. तुमच्या बादलीत तसं काही झालं तर? घरात म्हातारी माणसं असतील ना तुमच्या?

तिसरं_गेट

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. त्या बातम्यांतली माणसं मिथेनॉलने जातात, आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी कारखान्यातलं स्पिरिट स्वस्तात दारूत मिसळलेलं असतं. धान्याच्या वर्टमध्ये यीस्ट टाकून होणाऱ्या आंबवणात मिथेनॉल नावापुरतंच तयार होतं, दुकानातल्या बिअरमध्ये असतं तेवढंच. आणि मी ऊर्ध्वपातन करत नाही, म्हणजे भट्टी लावत नाही. तो वेगळा आणि धोक्याचा धंदा आहे, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नका. बिअर बिघडली तर आंबट होते, व्हिनेगरसारखी लागते, वास मारते. ओतून द्यायची, एवढंच.

खरा धोका बाटलीचा. ते पुढे लिहितो, माझ्या माळ्यावर घडलंय.

काळा_कोट

रंगाचा बेरंग करतोय, पण कुणीतरी म्हणायला पाहिजे. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे मद्य तयार करायला परवाना लागतो. "विकत नाही, मित्रांनाच देतो" हा बचाव नाही, कायदा तयार करण्याबद्दल बोलतो, विकण्यापुरता नाही. इंग्लंडात १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर घरगुती बिअरचा कर आणि बंदी गेली. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच आहे असं समजू नका.

तिसरं_गेट

काळा कोट, बरं केलंत लिहिलंत. मला माहीत नव्हतं असं नाही म्हणणार. वाचणाऱ्यांनी हे आधी वाचावं आणि आपापलं ठरवावं, मी कुणाला "काय होत नाय रे" म्हणणार नाही.

चंदगडी

आम्ही शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. दोन बाटल्या पाठवा की राव.

काळा_कोट

चंदगडी, दोन राज्यांचे अबकारी कायदे एका पिशवीत घालू नका. गोव्याहून चोर्ल्यातून येताना नाक्यावर डिकी उघडतात तेव्हा काय अवस्था होते ते विचारा कुणालाही.

चंदगडी

विचारायला कशाला पाहिजे, डिकी माझीच होती. गप्प बसतो.

कॅन्टीन_कोटा

मी निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सव्वीस वर्षं. तुमच्या यादीतला 'पाचवा रमवाला' म्हणजे मीच समजा. सव्वाचार टक्के म्हणजे सरबतच की हो. त्यासाठी एवढा घाट? एक गोष्ट मात्र विचारतो. त्या 'स्ट्राँग'मध्ये किती असतं मग?

तिसरं_गेट

साहेब, नमस्कार. आपल्याकडे लेबलाच्या नियमात ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि त्याच्या वर ८ पर्यंत 'स्ट्राँग'. म्हणजे माझी बिअर त्याच्या निम्मी. पण मुद्दा तोच आहे. 'स्ट्राँग' दोन बाटल्या झाल्या की आमच्या कट्ट्यावर गप्पा संपतात आणि भाषणं सुरू होतात. सीमाप्रश्न, मग जागेची वाटणी, मग कुणाच्या तरी लग्नातला सोळा वर्षांपूर्वीचा मानपान. हलकी बिअर असेल तर तीन तास बसता येतं आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना फोन करता येतो.

आणि घाट म्हणाल तर हलकीच जास्त अवघड. काळ्या, कडू, जड बिअरमध्ये चार चुका लपतात. हिच्यात लपायला जागाच नाही, साध्या वरणासारखं आहे. फोडणी नाही, मसाला नाही, डाळ करपली असेल तर पहिल्या घासाला कळतं.

गारवा_२१

मी मूळचा वडगावचा, आता बेंगळुरात. इथे आमचा चार जणांचा गट आहे. वरणाची उपमा पटली. पाण्याबद्दल लिही. आमच्याकडे टँकरचं पाणी, बिअर केली की खडू खाल्ल्यासारखी लागते.

तिसरं_गेट

गारवा, हा विषय मोठा आहे. आमच्याकडे नळाला राकसकोपचं पाणी येतं, ते पातेल्यात उकळलं तरी कडेला पांढरा थर जेमतेम बसतो. मागच्या दारच्या बोअरचं पाणी उकळलं की दोन वेळात पातेलं पांढरं. मी दोन्हींनी बिअर करून पाहिली, बाकी सगळं तेच ठेवून. बोअरची जिभेवर घासते, कडूपणा शेवटी टोचत राहतो. नळाची मऊ. फिकट बिअरला मऊ पाणीच लागतं. चेकमधल्या पिल्सनची फिकट बिअर जगभर गेली त्यात तिथल्या मऊ पाण्याचा मोठा वाटा आहे.

फक्त नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते काढलं नाही तर बिअरला औषधाच्या दुकानासारखा, चिकटपट्टीचा वास येतो. आदल्या रात्री पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. टँकरच्या पाण्याचं मात्र काही सांगता येत नाही. तू निम्मं आरओ, निम्मं तुझं पाणी असं करून बघ.

खानापूरची_माती

माझा वेगळाच प्रश्न. थंडीत तुमचं जमतं, पण उन्हाळ्यात? मार्च-एप्रिलात खोलीत ३२ अंश असतात.

तिसरं_गेट

उन्हाळ्यात मी दोनदा तोंडावर पडलोय. यीस्ट गरम जागेत वेड्यासारखं काम करतं, चार दिवसांत सगळं उरकतं आणि मागे नेलपॉलिशचा वास सोडून जातं. प्यायल्यावर डोकं दुखतं ते वेगळंच. आणि आंबवणाच्या पहिल्या तीन दिवसांत बादली स्वतःच गरम होते, खोलीपेक्षा चार-पाच अंश जास्त. लोक खोलीचं तापमान बघतात, बादलीचं बघत नाहीत.

मी बादली टबात ठेवतो, टबात पाणी, त्यात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या दोन बाटल्या. त्याने २१ पर्यंत येतं. पण आंबवण संपेपर्यंत दोन वेळा न चुकता. एकदा लग्नाला कोल्हापूरला गेलो आणि दोन दिवस चुकले. त्या बॅचला केळ्याचा वास होता.

खानापूरची_माती

मग आमच्याकडचं ऐका. माझे सासरे कुंभारकाम करतात. आमच्या खानापूरच्या लाल मातीचे रांजण सच्छिद्र असतात, बाहेरून पाणी पाझरून उडतं आणि आत गार राहतं. मी मोठ्या रांजणात पाणी भरून त्यात बादली अर्धी बुडवते, वर ओलं पोतं. बिअर नाही करत हं, माझी कांजी आणि ताक असतं. बाहेर ३३ असताना आत २४ पाहिलंय मी थर्मामीटरने. फक्त पावसाळ्यात उपयोग शून्य, हवाच ओली असते, पाणी उडणार कुठे? जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडेसुद्धा वाळत नाहीत.

तिसरं_गेट

ताई, हे सोन्यासारखं आहे! ३३ चे २४ म्हणजे माझ्या गोठवलेल्या बाटल्यांची निम्मी हमाली वाचली. रविवारी खानापूरला येतो रांजण बघायला. आतून गळ्याचा घेर किती असतो? माझी बादली बारा इंची आहे.

खानापूरची_माती

घडवून घ्या की मापाने. आगाऊ सांगा फक्त, भट्टी भरली की मग पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागतं.

निपाणीकर

बाटलीचा धोका सांगतो म्हणालात, ते राहिलं. मी पहिलीच बॅच दहाव्या दिवशी भरायच्या विचारात आहे.

तिसरं_गेट

थांबा! दिवस मोजून बाटली भरू नका. ऐका.

गेल्या वर्षी जानेवारीत पहाटे पारा १३-१४ पर्यंत उतरला होता. मी बादली मागच्या खोलीत ठेवली आणि निवांत राहिलो. दहा दिवसांनी नळीतून बुडबुडे येणं बंद झालं. मला वाटलं झालं काम. हायड्रोमीटर लावला, १.०१८. हे जास्त आहे, १.०१० च्या आसपास यायला पाहिजे हे पुस्तकी ज्ञान होतं मला. पण शनिवारी कट्टा जमणार होता, बाटल्या धुऊन तयार होत्या, आणि माणूस आपल्याला पाहिजे तेच वाचतो. भरल्या. वर प्रत्येक बाटलीत चमच्याने अंदाजे साखर. माळ्यावर ठेवल्या.

यीस्ट मेलं नव्हतं. थंडीने झोपलं होतं.

मार्च उजाडला, माळ्यावरचा पत्रा तापायला लागला आणि ते जागं झालं. एका रात्री पावणेतीनला माळ्यावर स्फोट. मग दुसरा. मग एकदम तीन. बाबा काठी घेऊन बाहेर आले, वर मांजर आहे म्हणून. शेजारच्या आजींना वाटलं, गॅस. छतातून बिअर टपटपत खाली धान्याच्या पिंपावर. सकाळी वर चढलो तर काचेचे तुकडे पत्र्याच्या पन्हाळात रुतलेले. कुणी त्या वेळी माळ्यावर असतं तर? अजून अंगावर काटा येतो.

हिशोब नंतर केला. हायड्रोमीटरचा एक पॉइंट (म्हणजे ०.००१) खाली येताना साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे लिटरभर बिअरमागे अर्धा लिटर वायू. म्हणजे १.०१८ पासून १.०१० पर्यंतच्या आठ पॉइंटला चार व्हॉल्यूम, त्यावर माझ्या साखरेचे अडीच. साध्या बिअरमध्ये एकूण अडीचच्या आसपास असतात. अडीचपटीहून जास्त दाब. बाटली बिचारी काय करणार?

तेव्हा नियम असा: तीन दिवस लागोपाठ हायड्रोमीटर तोच आकडा दाखवेल तेव्हाच भरायचं. तो आकडा फारच वर अडकला असेल तर बादली दोन अंश उबदार जागी हलवा, हलकेच हिंदोळा, आणखी चार-पाच दिवस द्या. साखर वजनकाट्यावर मोजून, लिटरला ६ ग्रॅम, दहा लिटरला ६०. थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळायची, चमचा-चमचा बाटलीत नाही. आणि प्रत्येक बॅचमधली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की बाकीच्या फ्रिजमध्ये टाका. आणखी कडक व्हायला लागली तर अंगावर जाड कपडे घालून झाकणं सैल करा.

शेंगा_चटणी

बाबांचं काय झालं पुढे?

तिसरं_गेट

बाबांनी आठवडाभर काही विचारलं नाही. आठव्या दिवशी म्हणाले, "राहिली आहे काय एखादी?"

निपाणीकर

मी आजच हायड्रोमीटर मागवला. 🙏 स्वच्छतेसाठी काय वापरता?

तिसरं_गेट

आजीचं सोवळं आठवा. उकळी संपेपर्यंत ओवळं चालतं, कारण उकळीत सगळं मरतं. वर्ट गार झाल्यापासून पुढे जे जे त्याला लागेल ते सोवळ्यात. बादली, नळी, चमचा, हायड्रोमीटर, तुमचा हात. आधी साबणाशिवाय घासून स्वच्छ, मग फूड-ग्रेड सॅनिटायझर. ऑनलाइन मिळतो, अॅसिडवाला, फेस येतो त्याला घाबरू नका. भंगारवाल्याकडच्या जुन्या बाटल्या चालतात पण तपकिरीच घ्या. हिरव्या-पांढऱ्या बाटलीत उन्हाने हॉप्सचा वास कुजका होतो. आणि बाटलीत वाळलेलं बुरशीचं कडं दिसलं तर ती बाटली सरळ फेका, घासत बसू नका.

गारवा_२१

गार कसं करतोस? आमच्याकडे तांब्याची नळी आहे.

तिसरं_गेट

आमच्या जुन्या वाड्यात विहीर आहे. न्हाणीत मोठा टब, त्यात पातेलं, पंपाने विहिरीचं पाणी सोडून द्यायचं. पंचवीस मिनिटांत २२ वर येतं. वाया जात नाही, ते पाणी नारळाला.

तिसरं_गेट *(पाच आठवड्यांनी)*

अपडेट देतो. पहिल्या पानावरची कृती जशीच्या तशी केली. १.०४३ ला सुरू, १.०१० ला तीन दिवस थांबली, मग भरली. तीन आठवडे खोलीत, दोन दिवस फ्रिजमध्ये. रंग पोह्यांमुळे फारच छान, कोवळ्या उसाच्या रसासारखा पण पारदर्शक.

या वेळी भाषण केलं नाही. हॉप्स, माल्ट, ब्लाँड, काही नाही. लहान पेले आणले, चहाच्या कटिंगएवढे. बाटली तिरकी करून हळू ओतली आणि तळाचा गाळ बाटलीतच ठेवला. (मागच्या वेळी एकाने हलवून ओतली होती आणि "ताक आहे काय" विचारलं होतं.) सोबत शेंगा, भाजलेला पापड आणि आईने केलेलं सुकं मटण.

पहिले पाच मिनिट कुणी काही बोललंच नाही. क्रिकेटवर बोलत होते. मी हैराण. मग एकाने रिकामा पेला पुढे केला, न बघता, बोलणं न थांबवता. मला तेवढंच पाहिजे होतं. साडेदहापर्यंत चौदा बाटल्या गेल्या. रमवाल्याने रम उघडलीच नाही, नंतर म्हणाला की विसरलो.

एक तक्रार आली. "जरा आणखी गार पाहिजे होती." मी ६-७ अंशांवर दिली होती. त्यांना २ वर पाहिजे. वाद घातला नाही.

कॅन्टीन_कोटा

मला विसराळू म्हणू नका हं, मी तो रमवाला नाही. पण एकदा कटिंगभर चाखायला हरकत नाही.

होसूरची_सून

मटणाची कृती पण टाकायला सांगा आईंना. वेगळा धागा काढा पाहिजे तर.

गॅलरीतला *(नवीन सदस्य)*

नमस्कार. मी फक्त एक दुरुस्ती करायला सदस्य झालोय. पहिल्या पोस्टमध्ये "पेला घेऊन गॅलरीत गेला आणि रिकामा घेऊन आला" तो मी. ती आयपीए मी त्यांच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतली होती. तीन दिवसांनी काकू म्हणाल्या की पानं पिवळी पडली, पाणी कमी पडतंय वाटतं. मी गप्प.

परवाची मात्र सगळी प्यायलो. शेवटची बाटली बाबांसाठी ठेवली होती म्हणतोय, ती पण मीच प्यायली. काका विचारतील तर फुटली म्हणून सांग.

तिसरं_गेट

हरामखोरा, बाबा पण वाचतात हा धागा. रविवारी सकाळी सात वाजता ये, पंधरा बाटल्या धुवायच्या आहेत. ब्रश तुझा तू आण.